डागाची चकती

हडपसर, पुणे
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

तालिब,

‘प्रिय’ लिहावं की ‘सप्रेम नमस्कार’ यात पंधरा मिनिटं गेली. शेवटी नुसतं नाव लिहिलं. सहा वर्षं न बोललेल्या भागीदाराला मायना काय लिहायचा, हे आमच्या पुलगावच्या शाळेत शिकवलं नव्हतं. तुमच्या पुण्याच्या शाळेत शिकवलं असेल तर कळव.

हडपसर ते विश्रांतवाडी रिक्षाने येता आलं असतं. पण जाताना तू म्हणाला होतास, "यापुढे मला काही सांगायचं असेल तर लिहून सांग. तोंडी बोललेलं तू दुसऱ्या दिवशी फिरवतोस." म्हणून लिहून सांगतोय. पोस्टात तिकिटं घ्यायला गेलो तर खिडकीवरची मुलगी म्हणाली, "काका, पुण्यातल्या पुण्यात?" मी हो म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच चुकीच्या पत्त्यावर आलोय.

मुद्द्यावर येतो. रस्ते झाडायच्या मोठ्या गाड्यांना लागणाऱ्या ब्रशांची पाच वर्षांची ऑर्डर आपल्याला मिळतेय. ‘आपल्याला’ ही सवय आहे, खोडत नाही. त्यासाठी नवी यंत्रं बसवावी लागतील, आणि ती बसवायला जागा एकच आहे: हातभरणीचा हॉल. म्हणजे हातभरणी बंद करायची. आज तिथे अठरा बायका आहेत. मालनबाई अजून आहेत, आता चष्मा लावून ब्रशाच्या भोकांत हाताने केस भरतात. अभिनव म्हणतो, "बाबा, डेटा क्लिअर आहे, इमोशनल होऊ नका." २८ तारखेपर्यंत, शुक्रवारपर्यंत, होय की नाही ते कळवायचंय.

तर मला ठरवता येत नाहीये, एवढंच आहे.

गेल्या महिन्यात आमच्या कारखानदारांच्या बैठकीत एक पाहुणा दोन तास बोलून गेला. म्हणाला, मालकाने एआयला नोकर समजू नये, विचारातला भागीदार समजावं. ‘भागीदार’ म्हटल्यावर मी डोळे उघडले. घरी येऊन सुनेला सांगितलं. प्रियदर्शनी (अभिनवची बायको, तू तिला पाहिलेलं नाहीस, आयटीत आहे) हिने माझ्या फोनवर ते घालून दिलं. मराठीत बोलतं. चांगलं बोलतं.

मी पहिल्या दिवशी विचारलं, "हातभरणीचं खातं तोट्यात चाललंय, जागा अडलीये, बंद करणंच शहाणपणाचं ना?" ते म्हणालं, अतिशय उत्तम प्रश्न, आणि बंद करण्याची नऊ कारणं दिली. एकेक कारण घट्ट भरलेलं, ओढून केस निघणार नाही असं. मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी सहज विचारलं, "हातभरणी ही आपल्या कारखान्याची ओळख आहे, ती मोडणं चूकच ना?" पुन्हा अतिशय उत्तम प्रश्न. पुन्हा नऊ कारणं, या वेळी न मोडण्याची. तीही तितकीच घट्ट.

चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात मला इतक्या वेळा ‘उत्तम प्रश्न’ कुणी म्हटलेलं नाही. तू तर एकदाही नाही.

तुला पत्र लिहिण्याचं कारण इतकंच की हातभरणी हुसेनचाचांची आहे. तुझ्या वडिलांनी हाताला धरून शिकवलेलं काम बंद करायचं तर तुला आधी कळवावं, हा शिष्टाचार. सल्ला मागत नाहीये.

आणि त्या शेवटच्या गुरुवारबद्दल एक. विरोधाची चकती तुझ्याकडे होती, हे मी त्या वेळी लक्षात घ्यायला हवं होतं. रागाच्या भरात काहीतरी बोलून गेलो. काय बोललो ते आता नीट आठवतही नाही.

सिताराभाभींना नमस्कार.

रंगनाथ

हडपसर
सोमवार, १० नोव्हेंबर

तालिब,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती, पण पोस्टमन दिसला की उगाच दारात जाऊन उभा राहतो. द्वारका म्हणते, "एवढं आहे तर जाऊन या ना." तिला काय कळतंय.

एक गंमत झाली आहे, ती सांगायला लिहितोय. गंमत आहे की काय आहे ते तूच ठरव.

प्रियदर्शनीला मी तक्रार केली की तुझं हे यंत्र माझ्या होला हो करतं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही प्रश्नातच उत्तर देताय. त्याला भूमिका द्या. विरोध करायला सांगा. पूर्वी तुम्हाला कोण विरोध करायचं?" मी म्हटलं, तालिब. मग तिला आपली गुरुवारची पद्धत सांगावी लागली, आणि सांगता सांगता माझंच मला नवल वाटलं की दोन शहाणी माणसं तेवीस वर्षं हे करत होती.

सुट्टीच्या दिवशी बंद कारखान्यात बसायचं. भाभींनी शिवलेल्या थैलीत लाकडाच्या दोन चकत्या, एक कोरी आणि एकीला तापल्या सळईचा डाग. दोघांनी एकेक काढायची. डागाची ज्याच्याकडे येईल त्याने त्या दिवशी समोरच्याच्या म्हणण्याला विरोध करायचा, मग पोटात काही का असेना. कोरी ज्याच्याकडे, त्याने मात्र मनातलं खरं तेच बोलायचं आणि दोघांचं बोलणं वहीत उतरवायचं. आणि कारखान्याला कुलूप लावल्यावर ‘तुला खरंच तसं वाटतं का?’ हे कधी म्हणजे कधी विचारायचं नाही.

प्रियदर्शनी म्हणाली, "बाबा, मोठमोठ्या कंपन्या हे शिकवायला कन्सल्टंट बोलावतात." मी म्हटलं, आमच्याकडे थैली होती.

तिने सात वह्यांच्या पानांचे फोटो काढले, ते सगळं त्या यंत्राला वाचायला दिलं आणि सांगितलं की यातले तालिब बन आणि सासऱ्यांशी बोल. तालिब, ते तू झालं रे. पहिलंच वाक्य: "रंगनाथ, तू निर्णय आधीच घेतलायस, आता फक्त साक्षीदार शोधतोयस." मी फोन टेबलावर उलटा ठेवला आणि पाणी पिऊन आलो.

मग हातभरणीचं विचारलं. मला वाटलं होतं की तू, म्हणजे ते, माझ्या अंगावर येशील. हुसेनचाचांचं नाव काढशील. तर ते म्हणालं, बंद कर. म्हणालं, "बायकांची बोटं चिरतात आणि आपण त्याला कला म्हणतो. ज्याची बोटं चिरत नाहीत त्याला कला म्हणणं सोपं असतं. माझ्या बापाच्या डाव्या तर्जनीला शेवटची दहा वर्षं गरम-गार कळत नव्हतं." हे तर तुझंच आहे. शब्दन् शब्द तुझा. चाचांचं ते बोट मीही पाहिलंय, कप धरताना ते वेगळं ठेवायचे.

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. एकीकडे सुटल्यासारखं झालं. तूच बंद कर म्हणतोयस, तर मी कोण आड येणारा? दुसरीकडे असंही वाटलं की हा माणूस तेवीस वर्षं माझ्यासमोर बसला आणि त्याच्या मनात हे होतं, आणि मला पत्ता नाही. आता रोज सकाळी चहाबरोबर अर्धा तास त्याच्याशी बोलतो. अभिनव पण खूश आहे. म्हणाला, "तालिबकाकांनाही पटलं ना? मग संपलं."

तू काही हरकत घेणार नाहीस असं धरून चालतो.

रंगनाथ

हडपसर
सोमवार, १७ नोव्हेंबर

तालिब,

हे पत्र तुझ्या हातात पडायच्या आत मालनबाई तुझ्याकडे येऊन गेल्या असल्या तर त्यांनी सांगितलेलं सगळं खरं आहे. नसल्या आल्या, तर माझ्याकडूनच ऐक.

शनिवारी चारच्या चहाला मी हातभरणीच्या हॉलमध्ये गेलो आणि बायकांना सांगितलं की मार्चअखेर खातं बंद होईल. ज्यांना यंत्रांवर यायचं त्यांना शिकवू, बाकीच्यांचं काय ते बघू. हे एवढंच बोलून थांबायला हवं होतं. पण अठरा जणींपैकी कुणी कप उचलेना. ते मला सोसवलं नाही आणि मी म्हणालो, "तालिबशेठचंही हेच मत आहे."

हो, तुझं नाव घेतलं. तुला न विचारता, ज्या खोलीत चाचांचा फोटो आहे त्या खोलीत उभं राहून.

मालनबाईंनी चष्मा काढला. "शेठ आलं हुतं?"

"नाही."

"मंग फोन?"

"नाही. त्यांच्या जुन्या वह्यांत आहे."

"वह्या म्हंजी त्या गुरवारच्या?" मी हो म्हटलं. तर बाई हसल्या. "सायेब, गुरवारी मी हाल झाडाया यायचे, समदं ऐकाया यायचं. येका गुरवारी शेठ म्हनलं, कारखान्यातला चहाच बंद करा, लई येळ जातो. घसा फोडून म्हनलं. आन् शुक्करवारी पयला कप त्यांनीच उचलला. गुरवारचं बोलनं खरं धरून चालतंय व्हय? चकती कुनाकडं हुती, ते बगितलं का?"

तालिब, मी तसाच कपाटाकडे गेलो. २०११ ची वही काढली. हातभरणी बंद करावी का, त्या दिवशीचं पान. तुझ्या नावापुढे पेन्सिलीचा बारीक गोल. आपली खूण, डाग ज्याच्याकडे त्याच्या नावापुढे गोल. तो मीच काढलेला, कोरी माझ्याकडे होती.

फोटोवरून अक्षरं वाचताना यंत्राने गोल सोडून दिले. प्रियदर्शनीला गोल माहीतच नव्हते, तिची चूक नाही. तिने तेवीस वर्षांचं तुझं खरं बोलणं आणि विरोधाचं बोलणं एकत्र कालवून त्याचा तालिब बनवला. म्हणजे तू जे जे वाटत नसताना बोललास, त्याचाही. आणि यंत्र म्हणशील तर त्याला दिलं तेच त्याने वाचलं. पण मी? ज्याने स्वतःच्या हाताने तो गोल काढला त्याला तो आठवू नये? दहा दिवस मी त्याच्याशी चहा पितोय आणि एकदाही मनात आलं नाही की त्या दिवशी चकती कुणाकडे होती.

आठवलं नाही कारण मला हवं ते ऐकू येत होतं. तुझ्याच आवाजात. आणखी काय पाहिजे?

पण आता गोंधळ आणखी वाढलाय. चाचांच्या बोटाचं तू विरोधासाठी बोललास हे कबूल. पण ते बोट खरंच तसं होतं ना? खोटी बाजू मांडताना माणूस खरी गोष्टही सांगतो, मग त्यातलं कुठलं कुठे ठेवायचं? मी दोन दिवस वह्या उघडून बसलोय आणि मला तू कसा होतास तेच कळेनासं झालंय. तीस वर्षांची ओळख आणि मी एका कागदावर तुझी खरी मतं लिहायला बसलो तर चारच्या पुढे जाईना. त्यातलं एक मत माझ्या गाडी चालवण्याबद्दलचं आहे.

आज सकाळी पुन्हा हॉलमध्ये गेलो आणि सांगितलं की ते तालिबशेठचं मत नव्हतं, माझी चूक झाली. मालनबाई म्हणाल्या, "मंग कुनाचं हुतं?"

मी येऊन हे पत्र लिहायला बसलो. तुझी माफी मागतो. नाव वापरल्याबद्दल.

रंगनाथ

हडपसर
शुक्रवार, २१ नोव्हेंबर

तालिब,

काल गुरुवार. सकाळी दहाला एकटाच कारखान्यात जाऊन बसलो. सहा वर्षांत पहिल्यांदा. तुझी खुर्ची अभिनवने ऑफिसात नेली आहे, म्हणून स्टुलावर बसलो. प्रियदर्शनीचा लॅपटॉप मागून घेतला होता. म्हटलं, चूक झाली ती नीट करू. वह्यांतल्या एकेक पानावरचा गोल बघून यंत्राला सांगत गेलो: या दिवशी डाग रंगनाथकडे, या दिवशी तालिबकडे. तीनशे अकरा गुरुवार. दुपारचा डबा तसाच राहिला.

ते काम करताना एक दिसलं. तुझ्या नावापुढे गोल असलेल्या पानांवर मी चिडलेला आहे, अक्षर बिघडलेलं आहे. पण निर्णय त्याच पानांवरचे बरे निघाले. हे यंत्राने सांगितलं नाही, माझ्याच लक्षात आलं. मी त्याला ते सांगितलं तर म्हणालं, अतिशय महत्त्वाचं निरीक्षण. चालायचंच.

मग शेवटचं पान आलं. १४ नोव्हेंबर २०१९. विषय: अभिनवला संचालक करावं का. गोल तुझ्या नावापुढे.

मी टाइप केलं, "डाग तालिबकडे." आणि विचारलं, तालिब त्या दिवशी अभिनवबद्दल बोलला ते त्याचं खरं मत होतं का? त्याने फार सौजन्याने उत्तर दिलं. तालिब यांनी ठरलेली भूमिका पार पाडली, ते वैयक्तिक मत मानण्यास आधार नाही, हे समजल्याने आपल्याला दिलासा मिळेल अशी आशा आहे.

मिळाला नाही. कारण मी त्याला खोटं सांगितलं होतं, आणि त्याने माझ्या खोट्यावर मला दिलासा दिला.

तुला हे माहीत आहे. जगात फक्त तुला आणि मला माहीत आहे. पण मी ते आजवर कधी बोललो नाही, तर आता लिहून सांगतो, म्हणजे उद्या फिरवता येणार नाही.

त्या दिवशी थैलीत आधी हात मी घातला. डागाची चकती माझ्याकडे आली. तू त्याच्या बाजूचाच असणार असं मी धरून चाललो होतो, म्हणजे अभिनवविरुद्ध मी बोलायचं होतं. माझ्या मुलाविरुद्ध मी, एक तास, नुसतं नाटक म्हणून. मी चकती मुठीत दाबली आणि म्हणालो, "कोरी." आणि ती खिशात टाकली.

तू दुसरी काढलीस. ती कोरी होती, दुसरी असणार कशी? तू तिच्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता म्हणशील. तू म्हणालास, "बरं. मग विरोध माझ्याकडे." आणि तीही तुझ्या खिशात गेली.

आणि तू बोललास. पोरगा हुशार आहे, पण त्याला ‘नाही’ ऐकायची सवय नाही, कारण घरात त्याला ते कुणी म्हटलेलं नाही. उद्या तो खुर्चीवर बसला की कारखान्यात ‘नाही’ म्हणणारं कुणी उरणार नाही, आणि सगळ्यात आधी गप्प बसेल त्याचा बाप. मी हे सगळं वहीत उतरवत होतो, कोरी माझ्याकडे आहे असं दाखवायचं होतं ना. तुझ्या नावापुढे गोलही काढला. आणि मग वही मिटून म्हणालो ते मला आठवत नाही असं मी पहिल्या पत्रात लिहिलंय. शब्दन् शब्द आठवतो. मी म्हणालो, "तुझा कामरान तुला सोडून कॅनडाला गेला, म्हणून माझा मुलगा माझ्याजवळ राहिलेला तुला बघवत नाही."

तू उठलास. चहाचा कप विसळून ठेवलास. तेवढं आठवतं. महिन्याभरात तू भागीदारी सोडलीस, आणि मी सगळ्यांना सांगितलं की तालिबचा स्वभाव तापट झालाय.

सहा वर्षं मला एकच कळत नाही. हातात कोरी होती, म्हणजे तू मनातलं बोललास? की माझी लबाडी झाकायला माझ्या वाटणीचा विरोध तू केलास? मनातलं बोलला असशील तर तुला माझा मुलगा असा दिसत होता. माझ्या वाटणीचं बोलला असशील तर मी तुझ्यावर फारच मोठा अन्याय केला. कुठलंही एक धरलं की दुसरं छळतं. ज्या माणसाला विचारायचं त्याला विचारायला नियमाने मनाई आहे, आणि ज्या यंत्राला विचारता येतं त्याला काहीच माहीत नाही.

चकती सोबत पाठवतोय. इतकी वर्षं माझ्या ड्रॉवरमध्ये होती, सुटी बटणं आणि जुन्या किल्ल्या ठेवतो त्या डबीत. स्पीड पोस्टाने पाठवतो. खिडकीवरची मुलगी विचारेल, आत काय? मी म्हणेन, लाकूड.

रंगनाथ

हडपसर
मंगळवार, २५ नोव्हेंबर

प्रिय तालिब,

काल दुपारी तुझं पाकीट आलं. चिठ्ठी असेल म्हणून मी ते दोनदा उलटं करून झटकलं. चिठ्ठी नव्हती. कोरी चकती होती.

म्हणजे तूही ठेवली होतीस. माझी बटणांच्या डबीत होती, तुझी कुठे होती? हे विचारायला नियमाची आडकाठी नाही, तेव्हा भेटल्यावर सांग.

बराच वेळ मला वाटत होतं की तू व्यवहार पुरा केलास. माझं माझ्याकडे, तुझं तुझ्याकडे, संपलं. द्वारकेला दाखवली. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मग आता डागाची त्यांच्याकडे आणि कोरी तुमच्याकडे." आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. तिला काय कळतंय असं मी एका पत्रात लिहिलं होतं, ते मागे घेतो.

कोरी हातात म्हणजे मनातलं बोलायचं. तर ऐक.

मला हातभरणी बंद करायची नाही. नऊ कारणं नाहीत. बोटांचं तू बोललास ते खरं आहे, त्यावर चांगले हातमोजे, कमी तास, काय करायचं ते करू, पण बंद करायची नाही. सगळ्या कारखान्यात आज ती एकच खोली उरली आहे जिथे मालनबाई चष्मा काढून मला विचारतात की मग हे मत कुणाचं होतं. बाकी सगळीकडे मान हलते. ऑर्डर हवी असेल तर यंत्रांना दुसरीकडे जागा शोधू, नाही मिळाली तर ऑर्डर सोडू. हे महिनाभर मला माहीत होतं. पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही.

मग इतके दिवस विचारत काय होतो? अभिनवला ‘नाही’ म्हणायची मला भीती वाटते. चौतीस वर्षांचा झाला, एकदाही म्हटलेलं नाही. वाटतं, नाही म्हटलं तर हाही जाईल. म्हणून आधी यंत्राकडून वदवून घेतलं, त्याने भागलं नाही तेव्हा तुझ्याकडून वदवून घेतलं, आणि तेही बायकांसमोर. कामरानबद्दल मी जे बोललो ती माझीच भीती होती, ती तुझ्या अंगावर फेकली. त्याबद्दल मला माफ कर. हे मी हात जोडून लिहितोय, म्हणजे आधी जोडले आणि मग लिहिलं.

त्या दिवशी तू मनातलं बोललास की माझ्या वाटणीचं, हे विचारणार नाही. नियम तो नियम. शिवाय दोन्ही प्रकारे ते खरंच निघालं.

आज सकाळी अभिनवला सांगितलं की माझं मत ‘नाही’ आहे. तो म्हणाला, "बाबा, हे एआयने सांगितलं का?" मी म्हटलं, नाही, मी सांगतोय. तो न जेवता ऑफिसात निघून गेला. संध्याकाळी आला, ताट घेऊन आपल्या खोलीत जेवला. घरातच आहे. द्वारका म्हणते, राहील.

पण माझं मत म्हणजे निर्णय नव्हे. उत्तर शुक्रवारी द्यायचंय, आणि मधे गुरुवार आहे. मी परवा दहाला तिथे बसणार. अभिनवलाही बोलावलंय, त्याने एकदा बघावं की आपल्या बापाला कुणी तोंडावर ‘नाही’ म्हणतं म्हणजे काय होतं. मालनबाई कुलूप उघडतील; हे पत्रही उद्या त्याच आणून देतील, पोस्टाने गुरुवार गाठणार नाही. तुझी खुर्ची ऑफिसातून परत आणली आहे. यंत्राला काही सांगितलेलं नाही. त्याच्यावर राग नाही, ते बिचारं मी दिलेलंच वाचत होतं. पण मला विरोध करून त्याला शुक्रवारी माझ्यासमोर चहा प्यायला बसायचं नसतं.

डाग तुझ्याकडे आहे. तेव्हा ये, आणि हातभरणी बंदच करायला हवी असं मला पटवून दे, जमेल तेवढा घसा फोडून. माझं म्हणणं तेवढ्यातून टिकलं तरच शुक्रवारी ‘नाही’ कळवीन. तू नाही आलास तर तुझ्या वाटणीचा विरोधही मलाच करावा लागेल, आणि ते मला जमत नाही, हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

तुझा,
रंग्या